गॅस जातो कुठे?

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. कारणं नेहमीचीच, ऑफिस आणि आळस. पण मागच्या हिवाळ्यात आमच्या तळघरात जे काही झालं ते दोन-चार मित्रांना फोनवर सांगितलं, आणि प्रत्येकाने जवळपास एकच सल्ला दिला: "अरे, सिलिंडरचा नळ बंद ठेवत जा ना, विषय संपला." हा सल्ला मला मान्य नाही. का मान्य नाही ते फोनवर नीट सांगता येत नाही (बोलताना मी भरकटतो, हे घरातलं कुणीही सांगेल), म्हणून हे लिहायला बसलो.

आधी नातेवाईकांसाठी खुलासा. हो, मी घरी बिअर बनवतो. हो, इथे ते कायदेशीर आहे. अमेरिकेत १९७८ साली जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष असताना तसा कायदा झाला आणि दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत बनवायची मुभा मिळाली. विकायची मात्र नाही. आम्ही २०० च्या जवळपासही जात नाही. मावशी, तू वाचत असशील तर हे वाक्य पुन्हा वाच. :)

तर बिअर तयार झाली की ती एकतर बाटल्यांत भरायची, नाहीतर केगमध्ये. केग म्हणजे स्टीलची उभी टाकी, ५ गॅलनची, १९ लिटर. पूर्वी या टाक्यांतून हॉटेलांना कोल्ड्रिंकचं सिरप जायचं, तो जमाना गेला आणि टाक्या आमच्यासारख्या हौशी लोकांच्या हाती लागल्या. पन्नास बाटल्या धुण्याचा कंटाळा आला की माणूस केगकडे वळतो. माझ्याकडे तळघरात एक जुना फ्रिज आहे. त्यात दोन केग आणि त्यांच्यामागे कार्बन डायऑक्साइडचं ५ पौंडी सिलिंडर. सिलिंडरवर रेग्युलेटर. रेग्युलेटरला दोन काटे: एक सिलिंडरच्या आतला दाब दाखवतो, दुसरा बाहेर किती दाबाने गॅस सोडलाय ते. तिथून नळी निघते, तिचे दोन फाटे होतात, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला खटकन बसणारी एक टोपी असते, ती केगच्या तोंडावर बसते. गॅस आत जातो, बिअरमध्ये फेस टिकवतो आणि तिला नळापर्यंत ढकलतो. एवढंच. ज्याला आपल्याकडचं गॅसचं सिलिंडर, रेग्युलेटर आणि रबरी नळी समजते त्याला हेही समजेल.

आता हिशेब. एका केगमधली बिअर गॅसने भरायची आणि मग सगळी बाहेर ढकलायची, याला मिळून साधारण दीडशे ग्रॅम गॅस लागतो. ५ पौंड म्हणजे सव्वादोन किलोच्या थोडं वर. कागदावर पंधरा केग निघतात. केग धुताना, त्यातली हवा काढताना वाया जातो तो धरला तरी दहा कुठे गेले नाहीत.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मी सिलिंडर भरून आणलं. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी पाहुणे बसलेले असताना नळातून फुसकन फेस आला आणि बंद. रिकामं. तोवर दोन केगसुद्धा संपले नव्हते. मी दुकानातून पुन्हा भरून आणलं, तीसेक डॉलर गेले, म्हटलं नळ नीट लावला नसेल. या खेपेला नऊ दिवस टिकलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गळती आहे हे मला पहिल्या रिकाम्या सिलिंडरलाच कळलं होतं. पण गळती शोधण्यापेक्षा नवीन गॅस भरणं सोपं होतं, म्हणून मी ते केलं. आणि दुसऱ्यांदा संपल्यावर मित्राचा सल्ला घेतला: नळ बंद ठेव, प्यायचं असेल तेव्हाच उघड.

काही दिवस मी तसं केलं. काय झालं ते सांगतो. नळ बंद केल्याने गळती थांबत नाही, फक्त हप्त्याहप्त्याने होते. नळीतला आणि केगमधला गॅस तर जातोच, मग बिअरमध्ये विरघळलेलाही हळूहळू बाहेर पडतो आणि जातो. चार दिवसांनी ग्लासात काय येतं ते विचारू नका, फेस उतरलेलं कडू सरबत. मग नळ उघडायचा, की सिलिंडर तेवढा सगळा गॅस पुन्हा भरून देणार. वर आणखी एक भानगड. या केगचं झाकण आतल्या दाबानेच घट्ट बसतं. आतला दाब गेला की झाकण सैल, म्हणजे एक गळती होती तिथे दोन झाल्या. शिवाय शनिवारी रात्री चार मित्र बसलेले असताना नळ बंद करायची आठवण कोणाला राहते? मला तरी राहिली नाही.

मधल्या काळात मी शोधाशोध अजिबात केली नाही असं नाही. केली, पण जशी करू नये तशी. पहिलं म्हणजे मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसलो. भरलेल्या सिलिंडरचा काटा घरातल्या उबेत ८०० पौंडांच्या आसपास असतो. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवलं की तोच काटा साडेपाचशेच्या आसपास येतो. मी घाबरलो, म्हटलं एका रात्रीत एवढा गॅस गेला! गेला नव्हता, गार झाला होता. सिलिंडरमध्ये हा गॅस पातळ रूपात असतो, आणि आत थोडासा जरी पातळ गॅस शिल्लक असला तरी काटा तेवढाच दाब दाखवतो. भरलेलं असो की पाव उरलेलं असो, काटा ढिम्म. पातळ संपलं की मग मात्र तो घसरतो, आणि तेव्हा सांगून उपयोग नसतो. आपल्या जुन्या स्कूटरला पेट्रोलचा काटा नव्हता ते बरं होतं, निदान खोटं तरी बोलत नव्हता.

सिलिंडरमध्ये किती उरलंय हे कळायचा खात्रीचा मार्ग एकच, वजन करणे. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या खांद्यावर कोरलेलं असतं. माझं साडेसात पौंडांचं आहे, भरलं की साडेबारा. आणि वजन करायला नवीन काटा घ्यावा लागत नाही. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात बॅगा तोलायचा हुकाचा काटा असतोच. भारतात जाताना चकलीचं पीठ आणि लोणच्यासाठी जो काटा आपण पाच वेळा बघतो, तोच. तो सिलिंडरला लावायला मला दोन महिने सुचलं नाही.

दुसरी चूक जास्त शिकवणारी होती. कुठेतरी वाचलं की सगळं दाबाने भरा, सिलिंडरचा नळ बंद करा आणि काटा पडतो का बघा. मी रात्री केलं, सकाळी काटा १२ वरून ५ वर. झालं! पाना घेऊन दिसेल ती जोडणी आवळत सुटलो. रेग्युलेटर आणि सिलिंडर यांच्यामध्ये एक चपटा वॉशर असतो, तो आवळून आवळून चेपला. मग दोन वॉशर एकावर एक बसवले, एकापेक्षा दोन बरे म्हणून. (बरे नसतात. दोन वॉशर एकमेकांवर सरकतात आणि तिथूनही गॅस जायला लागतो.) तरी काटा पडतच होता. नंतर कळलं की त्यातला एक केग दोनच दिवसांपूर्वी भरलेला होता. नवीन बिअर गॅस पिते. कोरा माठ भरून ठेवला की सकाळी पाणी उतरलेलं दिसतं, पण माठ फुटलेला नसतो, तसं. मी त्या केगच्या तहानेला गळती समजत होतो, आणि खरी गळती दुसरीकडेच चालू होती.

जानेवारीत बाबा आले. आई ताईकडे न्यू जर्सीत होती, ताईच्या बाळंतपणासाठी. तिकडे बाबांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे विस्कॉन्सिनला. त्यांची झोपायची सोय आम्ही तळघरातल्या खोलीत केली. १० बाय १० ची खोली, उबदार, स्वतःचं बाथरूम. फक्त कोपऱ्यात फ्रिज. हीटरच्या यंत्राचा आवाज येतो म्हणून बाबा रात्री दार घट्ट लावून घेत.

एक दिवस मी तिसऱ्यांदा भरलेलं सिलिंडर घेऊन आलो, तेव्हा बायकोने सहज विचारलं, "हा गॅस जातो कुठे?"

"कुठे म्हणजे? हवेत."

"कुठल्या हवेत?"

मी काहीतरी उत्तर दिलं आणि खाली गेलो. खाली बाबांची पांघरुणाची घडी होती, चष्म्याची डबी होती, आणि शेजारी फ्रिज.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. ५ पौंड कार्बन डायऑक्साइड मोकळा झाला की साधारण १२०० लिटर होतो. दहा बाय दहाची, आठ फूट उंचीची खोली म्हणजे साडेबावीस हजार लिटर हवा. भागाकार केला, पाच टक्क्यांच्या वर आलं. इथल्या कामगार सुरक्षेच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी सरासरी मर्यादा अर्ध्या टक्क्याची आहे, आणि चार टक्के म्हणजे जिवाला ताबडतोब धोका असं मानलं जातं. साध्या मोकळ्या हवेत हा गॅस ०.०४ टक्के असतो. मी भागाकार पुन्हा केला. तेवढंच आलं.

आता खरं तेही सांगतो, नाहीतर उगाच घाबरवल्यासारखं होईल. हळू गळतीने हे होत नाही. १२०० लिटर नऊ दिवसांत गेले, म्हणजे तासाला सहा लिटरसुद्धा नाहीत. झोपलेला माणूस स्वतःच्या श्वासातून तासाला बारा-एक लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. म्हणजे माझ्या गळतीपेक्षा बाबाच खोलीत जास्त गॅस सोडत होते. (हे मी त्यांना सांगितलं नाही.) पण ज्या जोडणीतून तासाला सहा लिटर जातात ती कुठली हेच ज्याला माहीत नाही, त्याने ती एके रात्री पूर्ण निसटणार नाही असं कशाच्या जोरावर म्हणायचं? नळी तिच्या नळकांड्यावरून निघू शकते. सिलिंडरला एक सुरक्षेची चकती असते, दाब फार वाढला की ती मुद्दाम फुटते आणि सगळा गॅस मोकळा करते, हेतू चांगला असतो, पण खोली कोणाची आहे हे तिला कळत नाही. आणि मी दर वेळी हे सिलिंडर बंद काचांच्या गाडीतून आणत होतो. गाडीच्या आत जेमतेम तीन हजार लिटर हवा असते. तो भागाकार तुम्हीच करा. त्यातल्या एका खेपेला बाबा शेजारच्या सीटवर होते.

अशा गोष्टी घडत नाहीत असंही नाही. २०११ साली जॉर्जिया राज्यातल्या पूलर या गावी एका रेस्टॉरंटमध्ये सोड्याच्या यंत्राकडे जाणाऱ्या नळीतून हाच गॅस भिंतीच्या आत गळला आणि स्वच्छतागृहात साठला. ८० वर्षांच्या एका बाई त्यात गेल्या. ज्वाला नाही, स्फोट नाही, वास नाही.

वास नाही, हा खरा मुद्दा. आपण वासावर वाढलेली माणसं आहोत. सांगलीला आमच्या घरी सिलिंडर द्यायला माणूस आला की आई त्याला झाकण काढून बघायला लावायची. तो तोंडात थोडं पाणी ओतायचा, बुडबुडे दिसले की आतलं वायसर बदलायचा. आणि रात्री झोपताना आईची एक फेरी स्वयंपाकघरात व्हायचीच, नाक वर करून. "गॅसचा वास येतोय का रे?" पण तो वास गॅसचा नसतोच. घरगुती गॅसमध्ये तो मुद्दाम मिसळलेला असतो, आईसारख्यांच्या नाकासाठी. माझ्या सिलिंडरमध्ये असं काही मिसळलेलं नाही. फार साठला तर सोडा घाईने प्यायल्यावर नाकात झिणझिण्या येतात तशा येतात. सकाळी फ्रिज उघडल्यावर मला दोन-तीनदा तसं किंचित जाणवलं होतं. मी शिंकलो आणि विसरलो.

"आपल्याकडे अलार्म आहे ना?" बायकोने विचारलं. आहे. तळघरात भिंतीवर आहे, दरवर्षी बॅटरी बदलतो. पण तो कार्बन मोनॉक्साइडचा, हीटर बिघडला तर वाजणारा. कार्बन डायऑक्साइड त्याला समजत नाही. दोन्ही नावं एवढी सारखी आहेत की इतकी वर्षं मी स्वतः रसायनशास्त्र शिकलेला माणूस "अलार्म आहे" या दोन शब्दांवर निवांत होतो. घरात केग असणाऱ्या ज्या ज्या मित्रांना विचारलं, त्यांतल्या एकाकडेही कार्बन डायऑक्साइडचा अलार्म नव्हता. पुढचं सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

त्याच रात्री सिलिंडर काढून गॅरेजमध्ये ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, तुम्ही वर अभ्यासाच्या खोलीत झोपा. कारण काही सांगितलं नाही, थंडी आहे वगैरे म्हटलं. बाबा गप्प. संध्याकाळी चहा घेताना म्हणाले, "बिअरच्या शेजारी बापाला झोपवलं म्हणून लाज वाटाय लागली काय तुला? मला त्याचं काही नाही. तुझं घर आहे."

मला काय बोलावं सुचेना. बाबा पीत नाहीत, कधी प्यायले नाहीत, आणि माझ्या या छंदाबद्दल त्यांनी वाईट शब्द कधी काढला नव्हता. चांगलाही नव्हता. आम्ही दोघं त्या फ्रिजला वळसा घालून बोलत होतो. मग मी सगळं सांगितलं. कागदही दाखवला.

ते कागद बघत राहिले. मग म्हणाले, "वास येत नाही?"

"नाही."

"मग साबण लावून बघितलास का?"

"बघितला. काही दिसत नाही."

"चल, दाखव."

बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, एकतीस वर्षं. एसटीचे ब्रेक हवेवर चालतात. नळ्या, जोडण्या, रबर, आणि कुठेतरी जाणारी हवा, हे त्यांनी आयुष्यभर केलेलं काम आहे, आणि मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. माझ्या हातातला पाना त्यांनी पहिल्यांदा काढून घेतला. "सापडेपर्यंत काही आवळायचं नाही. आवळलंस की गळती हलते, मग काय बरं झालं ते कळत नाही."

मग त्यांनी जे करायला लावलं ते इतकं साधं होतं की लिहिताना संकोच वाटतो. सिलिंडर आत आणलं, दोन वॉशर काढून एकच नवा बसवला. दोन्ही केग काढून ठेवले, म्हणजे राहिलं फक्त सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी. टोप्या केगवरून काढल्या की आपोआप बंद होतात. दाब भरला, सिलिंडरचा नळ बंद केला, आणि बाबांनी मोठ्या काट्याच्या काचेवर पेनाने खूण केली. मी म्हटलं, बघायचा तो छोटा काटा. ते म्हणाले, "छोटा कशाला? जास्त दाब कुठं आहे?" बरोबर होतं. नळ बंद केला की नळ आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये चिमूटभर जागेत प्रचंड दाबाचा गॅस अडकलेला असतो. पुढे कुठेही थोडं जरी गेलं तरी तोच आधी भरपाई करतो, म्हणून मोठा काटा आधी पडतो आणि धडधडीत पडतो. छोट्याला कळेपर्यंत दुसरा दिवस उजाडतो.

सकाळी काटा खुणेवर. म्हणजे सिलिंडरपासून नळीच्या टोकापर्यंत सगळं शुद्ध. दोन महिने मी ज्या वॉशरला छळलं तो निर्दोष निघाला.

दुसऱ्या रात्री एक केग जोडला. महिनाभर जुना, गॅस पिऊन तृप्त झालेला. सकाळी काटा खुणेवर. तिसऱ्या रात्री तो काढून दुसरा जोडला, हाही जुनाच. सकाळी काटा शून्यावर.

मी साबणाचं पाणी घेऊन धावलो. बाबा म्हणाले हळू. ब्रशने फेस घुसळून लावला तर आपणच केलेले बुडबुडे दिसतात. पाण्यात साबण कालवून, फेस बसू देऊन, थेंबाथेंबाने लावायचा आणि मग पाच मिनिटं हात लावायचा नाही. मोठी गळती फुगा करते, बारीक गळती साबुदाण्यासारखी पांढरी रांग करते, तीसुद्धा सावकाश. झाकणाची कड, दोन्ही तोंडं, दाब सोडायची कळ, सगळीकडे लावलं. टॉर्च घेऊन अर्धा तास बसलो. काही नाही. काटाही जागेवर.

मी म्हटलं, कदाचित रात्रीपुरतं काहीतरी असेल. बाबा स्टुलावर बसून फ्रिजकडे बघत होते. "उभ्या गाडीत सापडली नाही तर ब्रेक दाबून बघायची. दाबल्यावर ज्या नळ्यांत हवा जाते त्या एरवी रिकाम्या असतात." थोडा वेळ गेला. "रात्री ह्याचं दार बंद असतं. आत्ता उघडं आहे."

दार लावताना दाराच्या आतला कप्पा नळीला टेकत होता. नळी वाकायची आणि केगवरच्या टोपीला तिरकी ओढायची. मी हाताने नळी तशी बाजूला ओढली, आणि टोपीच्या खालून पांढरी रांग आली. बारीक, एकसारखी. हात सोडला, बंद. ओढली, पुन्हा.

टोपी काढली तर तोंडावरची रबरी ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली. किंमत काही सेंट. नवीन बसवली, खाण्याला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस बोटाने लावलं, आणि केग अर्धा फिरवून ठेवला म्हणजे गॅसचं तोंड दारापासून लांब. चौथ्या रात्री दार लावून पुन्हा खूण. सकाळी काटा जागेवर. बाबांनी काच ओल्या फडक्याने पुसली आणि वर चहाला गेले.

आता मित्रांच्या सल्ल्याबद्दल. एक जण म्हणतो, सगळ्या ओ-रिंगा एकदम बदलून टाकायच्या, पाकीट स्वस्तात मिळतं. स्वस्तात मिळतं हे खरं आहे, आणि जुना केग घेतला तर ते करावंच. पण आमच्या बाबतीत दार नळीला ढकलतच राहिलं असतं, नवीन ओ-रिंग काही महिन्यांनी तशीच चपटी झाली असती, आणि तोवर मी "सगळं बदललंय" म्हणून निर्धास्त असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हे वेळखाऊ आहे, चार रात्री गेल्या, पण पाचव्या दिवशी मला माझ्या फ्रिजबद्दल जे माहीत होतं ते त्याआधी कधीच नव्हतं. आणि नळ बंद ठेवणाऱ्यांना माझं म्हणणं इतकंच: बाहेरगावी जाताना जरूर बंद करा, मीही करतो. पण रोज बंद करावा लागत असेल तर तुम्हाला गळती आहे हे माहीत आहे, आणि तुम्ही तिच्यासोबत राहताय. मीही राहिलो, म्हणून हक्काने बोलतो.

त्या खोलीत आता कोणी झोपत नाही. दाराशेजारी, जमिनीपासून फूट-दीड फुटावर कार्बन डायऑक्साइडचा अलार्म लावलाय, कारण हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड असतो आणि खाली साठू शकतो. ज्यांच्याकडे आडवा, वरून उघडायचा फ्रीझर आहे त्यांनी तर झाकण उघडल्याउघडल्या आत डोकं घालू नये, थोडं थांबावं. मेणबत्ती धरून बघतो म्हणाला एक जण. गावाकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात त्यातली ती कल्पना. पण मेणबत्ती विझते तोवर हवा माणसाला केव्हाच घातक झालेली असते, तेव्हा तिच्यावर विसंबू नका. आणि सिलिंडर गाडीतून आणताना पट्ट्याने बांधून, काचा खाली करून. विस्कॉन्सिनच्या जानेवारीतसुद्धा. कानटोपी घाला.

बाबा मार्चमध्ये परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नळाखाली ग्लास धरून थोडी बिअर काढली, उजेडात धरून बघितली, वास घेतला, आणि ग्लास माझ्या हातात दिला. "फेस चांगला आहे," म्हणाले.

रविवारी फोन होतो. आधी तब्येत, मग नातीचं, मग ते विचारतात, "वजन किती?" या रविवारी ९.४ पौंड होतं, काही केग होऊन गेल्यावर. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि फोन आईला दिला.